गुरुवारची मंडई

लग्न होईपर्यंत मी हॉटेलात बसून एकदाच खाल्लं होतं. बिबवेवाडी तेव्हा नुसती नावाला पुण्यात होती. नळाला महापालिकेचं पाणी यायचं, पण आमच्या घरामागे अजून मेथी-कोथिंबिरीचे वाफे होते आणि वडील पहाटे जुड्या टेम्पोत घालून मंडईत न्यायचे. शाळेच्या सुट्टीत एकदा त्यांनी मला बरोबर नेलं. माल उतरवून झाल्यावर एका हॉटेलात बाकावर बसवलं आणि म्हणाले, "काय खातीस? भजी हायती, वडा हाय." मी वडा सांगितला. त्यांनी स्वतःसाठी फक्त चहा घेतला आणि बशीत ओतून, माझा वडा संपेपर्यंत पुरवून पुरवून प्यायला. घरी आईला सांगू नको असं ते म्हणाले नव्हते, तरी मी सांगितलं नाही. बाहेर खाल्लेलं घरी बोलायचं नसतं, हे मला कुणी न शिकवताच कळलं होतं.

लग्न करून शनिवार पेठेत आले. सासऱ्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, असलं छापायचं काम. दोघे मुलगे त्यांच्याच हाताखाली. राहायला दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या आणि माणसं सात: सासू-सासरे, मोठे दीर, थोरल्या जाऊबाई, त्यांची चार वर्षांची मुलगी, हे आणि मी. जाऊबाईंना मी वहिनी म्हणायचे, कारण हे म्हणायचे. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या, उंच, ताठ चालायच्या. बोलायच्या कमी, पण जे बोलायच्या ते टोचायचं. पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातून विचारलं, "या डब्यात साखर हाय का?" त्या म्हणाल्या, "साखर आहे. हाय तू समोरच्या गॅलरीतल्यांना कर."

पुढचे पंधरा दिवस मी क्रियापदाशिवाय बोलले.

सासूबाईंच्या हाताला चव होती असं सगळे नातेवाईक सांगत. मला ती चव कधी कळलीच नाही, कारण मी यायच्या वर्षभर आधी सासऱ्यांना ब्लडप्रेशर निघालं होतं. डॉक्टरांनी त्यांचं मीठ कमी केलं, आणि सासूबाईंनी सगळ्या घराचं. "त्यांच्यासमोर बसून आपण चमचमीत खायचं? मनाला पटतं का?" असं त्या विचारायच्या. आमटी अळणी, कोशिंबीर अळणी, पापड बंद. बाहेरून काही आणायचं तर नावच काढायचं नाही. घरात दोन सुना, भरलेला गॅस, आणि दुसऱ्याच्या कढईत कशाला तोंड घालायचं, हे त्यांचं म्हणणं.

गुरुवारी आमच्या भागात दिवसभर लाइट नसायची, म्हणून छापखाना बंद असायचा. पुरुष घरात, जेवणं उशिरा. त्यामुळे आठवड्याची भाजी आणायला वहिनी गुरुवारी सकाळी मंडईत जायच्या. लग्नानंतरच्या तिसऱ्या गुरुवारी सासूबाई मला म्हणाल्या, "तूही जा, ओझं वाटून घ्या." आम्ही दोन दोन पिशव्या घेऊन निघालो. लक्ष्मी रस्ता ओलांडून मंडईपर्यंत वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. मंडईत मात्र त्यांना सगळे ओळखत. गाळ्यावर उंच बसलेल्या बायका "आलात का?" म्हणायच्या आणि वहिनी "नाही, वाटेत आहे" असं सांगून वांगी निवडायला लागायच्या.

चारी पिशव्या भरल्यावर त्यांनी मला विचारलं, "पाय दुखतात का तुझे?"

"नाही."

"दुखतात म्हण."

"दुखतात."

"मग कुठेतरी बसायला हवं."

मागच्या बोळातल्या एका हॉटेलात त्या शिरल्या. बाहेर सगळे पुरुष. मालक गल्ल्यावर पेपर वाचत होता. आत एका बाजूला प्लायवूडचा आडोसा करून "फॅमिली रूम" लिहिलेलं होतं आणि त्याला हिरवा पडदा होता. वहिनींनी सराईतपणे पडदा सारला, पिशव्या टेबलाखाली ढकलल्या आणि मला न विचारता दोन मिसळ सांगितल्या. "आणि सँपल जास्त आणा." सँपल म्हणजे वरून घ्यायचा नुसता रस्सा, हे मला तेव्हा कळलं.

मिसळ आली. खाली पोहे आणि बटाट्याची भाजी, त्यावर मटकी, शेव, कांदा, आणि शेजारच्या बशीत स्लाइस ब्रेडचे तुकडे. मी पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचं नव्हतं ते. त्यात मीठ होतं. तीन आठवड्यांनी माझ्या तोंडाला मीठ लागलं होतं आणि एकदम आईचं घर आठवलं.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "रडायचं असेल तर रड, पण लिंबू पिळून घे आधी. गार झाल्यावर मजा नाही."

खाऊन झाल्यावर त्यांनी पर्समधून दोन वेलदोडे काढले. एक मला दिला. "हा चावत चावत घरी यायचं, तोंडाला कांद्याचा वास राहत नाही. आणि दोन गोष्टी लक्षात ठेव. इथलं घरी बोलायचं नाही. आणि घरचं इथे बोलायचं नाही."

पहिली अट सोपी होती. दुसरीमुळे मला पुढचे काही गुरुवार गप्प बसावं लागलं, कारण घर सोडून बोलायचं काय? मग हळूहळू वहिनीच बोलायला लागल्या. त्या शाळेत खो-खो खेळायच्या. जिल्ह्याच्या संघात होत्या. पोलजवळ कशी हूल द्यायची ते त्यांनी मला मिठाची बाटली खांब म्हणून ठेवून, चमच्यानं दाखवलं होतं. त्यांना शाळेत खेळ शिकवायचे होते. ते का राहिलं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि अटीप्रमाणे मी विचारलंही नाही.

असे आमचे दोन वर्षांचे गुरुवार झाले. वहिनी शेजारणींचे ब्लाऊज शिवायच्या, त्यातून हे चालायचं. मंडईच्या त्या हॉटेलाशिवाय आम्ही इतरही ठिकाणं धरली. उन्हाळ्यात उसाचा रस. चरकाला बांधलेली घुंगरं लांबून ऐकू यायची आणि वहिनींची चाल वाढायची. बर्फ त्या कधी घेऊ द्यायच्या नाहीत. "बर्फ घरी फुकट मिळतो. इथे रस प्यायला आलोय." मे महिन्यात एकदा मस्तानी प्यायला नेलं. उंच ग्लासात आंब्याचं घट्ट दूध, वर आइस्क्रीमचा गोळा. एकच घेऊन दोघींत वाटून घेऊ असं मला वाटलं होतं. त्यांनी दोन सांगितल्या, स्वतःची संपवली आणि माझ्या ग्लासाच्या तळाशी राहिलेलंही लांब चमच्यानं काढून खाल्लं. इतक्या कडक बाईला इतकं गोड आवडतं हे त्यांच्या नवऱ्यालाही माहीत नसावं.

अमृततुल्यात मात्र पंचाईत होती. चहा तिथला सगळ्यात चांगला. पितळी पातेलं, त्यात दूध सतत उकळत ठेवलेलं, वेलदोडा आणि आलं खलबत्त्यात ठेचून टाकलेलं. पण बायका तिथे उभ्या राहत नसत. वहिनी एका गुरुवारी सरळ जाऊन फुटपाथवर उभ्या राहिल्या आणि दोन चहा म्हणाल्या. आजूबाजूचे चार-पाच पुरुष पेले घेऊन बाजूला सरकले. ओट्यावरचा मालक म्हणाला, "ताई, आत बसा. आत जागा आहे."

"जागा बाहेरही आहे," वहिनी म्हणाल्या.

त्यानं चहा दिला. आम्ही उभ्यानं प्यायलो. मी पदर ओढून घेऊन, पेल्याआड तोंड लपवून पीत होते. वहिनी रस्त्यावरची वाहनं बघत निवांत पीत होत्या. महिन्याभरानं तोच मालक आम्हाला लांबून बघून दोन पेले विसळून ठेवायला लागला.

शिवणाचं सामान आणायला दोन-तीन महिन्यांतून एकदा कॅम्पात जायचो. तिथे बटणं-लेसवाले चाचा होते. त्यांच्या आजोबांपासूनचं दुकान. वहिनी त्यांच्याशी बटणांवरून इतकी घासाघीस करायच्या की मला लाज वाटायची, आणि चाचांना मजा यायची. एकदा भर दुपारी गेलो. रमजान चालू होता, चाचांचा रोजा होता, ओठ सुकलेले. तरी सामान बांधून देताना म्हणाले, "आता कोपऱ्यावरच्या बेकरीत जा. तीनला बन भट्टीतून निघतात. नंतर जाल तर गार मिळतील." स्वतः पाण्याचा घोट न घेतलेला माणूस आम्हाला गरम बन कुठे मिळेल ते सांगत होता. आम्ही ते बन घेऊन इराण्याच्या हॉटेलात चहाला गेलो नाही, कारण तिथे त्याचेच बन घ्यावे लागतात. बेकरीच्या दारातच उभं राहून खाल्ले. वहिनी म्हणाल्या, "चाचांच्या दुकानावरून परत जायला नको. तोंडाला चुरा लागलाय."

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात एका गुरुवारी मंडईच्या हॉटेलात फॅमिली रूम भरलेली होती. कुणीतरी गावाहून आलेलं कुटुंब होतं. वेटरनं आम्हाला बाहेरच एका टेबलावर बसायला सांगितलं. मी पिशव्या ठेवून मान वर केली तर समोरच्या कोपऱ्यात आमचे सासरे बसले होते. टोपी काढून टेबलावर ठेवलेली. कपाळाला अंगारा. दर गुरुवारी ते दत्ताला जातो म्हणून निघायचे. पुढ्यात मिसळ होती आणि वाटीतलं सँपल ते त्यावर ओतत होते.

त्यांनी आम्हाला बघितलं. मी अर्धी उठलेच होते. वहिनींनी टेबलाखालून माझं मनगट धरलं आणि खाली बसवलं. सासऱ्यांनी नजर खाली घेतली आणि शांतपणे, अजिबात घाई न करता, मिसळ संपवली. हात धुतले. टोपी घातली. गल्ल्यापाशी जाऊन मालकाला आम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "त्या टेबलावर दोन ताक पाठवा. रस्सा तिखट आहे आज." आणि आमच्याकडे न बघता निघून गेले.

त्या दिवशी जेवायला दुधीची भाजी होती. सासरे म्हणाले, "भूक बेताचीच आहे." वहिनी म्हणाल्या, "मलाही अर्धीच पोळी." मी म्हटलं, "मलाही." सासूबाईंनी तिघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि पोळ्या परत डब्यात ठेवल्या.

त्यानंतर दर गुरुवारी घरातून निघताना सासरे उंबऱ्यात थांबून कुणालाच न सांगितल्यासारखं सांगायचे, "मी दत्ताला जातोय. साडेदहापर्यंत येतो." मग आम्ही पावणेअकराला निघायचो. समोरासमोर आम्ही पुन्हा कधी आलो नाही. पण सासरे मला तेव्हापासून पहिल्यांदा आपले वाटायला लागले.

पुढच्या दिवाळीनंतर, लग्नसराईचं काम सुरू झालं तेव्हा, ते छापखान्यातच कोसळले. उजवी बाजू गेली. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. सासूबाई, वहिनी आणि मी खाटेपाशी होतो. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं, झोपेचं विचारलं, मग म्हणाले, "पथ्य पाळत होते का? बाहेरचं खाणं?"

"छे," सासूबाई म्हणाल्या. "घरात मीठ मी हातानं मोजून घालते. बाहेरचा कण नाही."

मी वहिनींकडे बघितलं. त्या डॉक्टरांकडे बघत होत्या.

"ते बाहेर खायचे, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी. मिसळ."

सासूबाईंना कळेना. "तुला काय माहीत?"

"मी बघितलंय. मंडईच्या हॉटेलात."

"तू तिथे काय करत होतीस?"

"मीही तिथे खात होते."

'मी' म्हणाल्या त्या. 'आम्ही' म्हणाल्या नाहीत. माझ्यासाठी तिथे जागा ठेवली होती त्यांनी. 'मीही होते' एवढं म्हटलं की झालं असतं. मी खाली फरशीकडे बघत उभी राहिले. डॉक्टर सांगत होते की एका पदार्थानं असं काही होत नसतं, वय आहे, कामाचा ताण आहे. ते कुणी ऐकलं नाही.

सासूबाईंनी वहिनींशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. वहिनी समोर असताना त्या मला सांगायच्या, "तिला म्हणावं भात टाक." आणि पहिल्याच गुरुवारी पिशव्या माझ्या हातात दिल्या. "आजपासून मंडईत तू जायचं. एकटीनं."

रात्री भांडी आवरताना मी वहिनींना म्हटलं, "मी सांगते आईंना. आत्ता सांगते."

"काही नको," त्या म्हणाल्या. "माझं जायचं ते गेलं. आता तुझंही घालवून काय मिळणार आहे? पुढच्या गुरुवारी मिरच्या बारीक आण. आजच्या भोपळी निघाल्या."

मी तेवढ्यावर थांबले. त्यांनी नको म्हटलं याचा मला आधार वाटला, हे आज लिहितानाही बरं वाटत नाही. चार महिने मी एकटी मंडईत गेले. त्या बोळावरून जायचं टाळायचे. अमृततुल्यवाल्यानं एकदा विचारलं, "दुसऱ्या ताई?" मी "गावाला गेल्यात" म्हणाले आणि चहा न घेता पुढे गेले.

सासरे घरी आले होते. काठी धरून उठायचे, बोलणं मात्र जड झालं होतं. एक शब्द काढायला वेळ लागायचा आणि तो निघेपर्यंत ऐकणाऱ्याचाच जीव वर-खाली व्हायचा. एका गुरुवारी मी पिशव्या घेऊन निघाले तर त्यांनी डाव्या हातानं मला थांबवलं. तोंड वाकडं करून, मानेच्या शिरा ताणून, बऱ्याच वेळानं म्हणाले, "मोठीला... ने."

मी पिशव्या तिथेच ठेवल्या आणि आत गेले. सासूबाई घेवडा निवडत होत्या. वहिनी मुलीला शाळेत सोडायला गेल्या होत्या.

"आई, मंडईत वहिनी एकट्या नव्हत्या. मीही असायचे. दर गुरुवारी."

त्यांनी शेंगेची शीर ओढून काढली. "माहीत आहे."

"कसं?"

"डॉक्टरांपुढे ती बोलली तेव्हा तू फरशी बघत होतीस. मी तुझ्याकडेच बघत होते." दुसरी शेंग घेतली. "कधी सांगतेस याची वाट बघत होते. चार महिने लावलेस."

"मग बोलणं त्यांच्याशीच का टाकलंत?"

"ती बोलली म्हणून. जो बोलतच नाही त्याच्यावर काय रागवायचं?"

मला बसायला सांगितलं नव्हतं तरी मी खाली बसले आणि घेवडा घेतला. अर्ध्या शेंगा निवडून झाल्या. मग त्या म्हणाल्या, "मिसळीचा राग नाही गं मला. छत्तीस वर्षं मी त्यांना वाढलं. त्यांना काय खावंसं वाटतंय ते तुम्हाला माहीत, त्या हॉटेलवाल्याला माहीत. मला नाही." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त शेंग हातात तशीच राहिली होती. "कसली असते ती?"

"काय?"

"मिसळ. ते खायचे ती."

पुढच्या गुरुवारी आम्ही तिघी निघालो. सासूबाईंनी लग्नाला जावं तशी इरकल नेसली होती. वहिनी दोन पावलं मागे चालत होत्या. चार महिन्यांचा अबोला अजून सुटला नव्हता. हॉटेलात शिरल्यावर वहिनींनी सवयीनं फॅमिली रूमचा पडदा सारला. सासूबाई म्हणाल्या, "पडद्याआड कशाला? चोरी करतोय का आपण?" वहिनींना ठसका लागला. सासूबाईंनी थेट त्यांच्याकडे बघून विचारलं, "ते कुठे बसायचे?"

वहिनींनी कोपरा दाखवला. सासूबाई तिथे जाऊन बसल्या.

मिसळ त्यांनी सावकाश खाल्ली. स्लाइस नको म्हणाल्या, चमच्यानंच. मग परीक्षकासारखं एकेक सांगितलं. "मटकी चांगली शिजलीय. मसाला पुरता परतलाय. मीठ..." इथे थांबल्या. "मीठ बरोबर आहे."

उठल्या आणि गल्ल्यापाशी गेल्या. "कमी मिठाची बांधून मिळेल का?"

मालकानं पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "मिळेल. घरी."

"घरी तीच मिळते," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर आमचे हे तुमच्याकडे यायचे."

मालकानं मान वर केली. आधी त्यांच्याकडे, मग आमच्या दोघींकडे बघितलं. "कोपऱ्यातले? टोपीवाले?"

"हो."

"बरेच दिवस आले नाहीत. काय झालं?"

सासूबाईंनी सांगितलं. उजवा हात गेला, बोलणं गेलं. मालकानं पेपराची घडी घातली, स्वतः उठून आत गेला आणि दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन आला. "ही मटकी अळणी आहे, फोडणीआधी काढलेली. हा रस्सा. दोन चमचे वर घाला, जास्त नको. पुढच्या गुरुवारी सकाळी कुणाला तरी सांगायला पाठवा, बाजूला ठेवीन."

परत येताना सासूबाई पुढे होत्या. मी वहिनींना म्हटलं, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," वहिनी म्हणाल्या. जरा पुढे गेल्यावर म्हणाल्या, "लिंबं राहिली घ्यायची. चल."

घरी सासूबाईंनी मटकीवर मोजून दोन चमचे रस्सा घातला आणि पहिला घास सासऱ्यांना भरवला. त्यांनी तो तोंडात धरून ठेवला. बायकोकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या आम्हा दोघींकडे. ओठांची हालचाल सुरू झाली, शब्द जुळेना, आणि मग तो आला. "ता... क."

वहिनींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते. सासूबाईंना काही समजलं नाही. "ताक कशाला आता? हवं होतं तर आधी सांगायचं, आणलं असतं," असं म्हणत त्यांनी दुसरा घास भरला, आणि मग मागे न वळता म्हणाल्या, "मोठे, ताक घुसळ जरा." चार महिन्यांनी त्या वहिनींशी बोलल्या.

सासरे त्यानंतर चार वर्षं होते. सासूबाई घरी मिसळ करायला शिकल्या. त्यांचा मसाला मालकाच्या तोडीचा झाला असं वहिनींचं मत आहे. माझं नाही. छापखाना पुढे दिरांनी चालवला, आणि आम्ही बिबवेवाडीत, माझ्या माहेरच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत राहायला गेलो. वाफे होते तिथे आता पार्किंग आहे.

मंडईमागचं ते हॉटेल बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. चाचांच्या दुकानात त्यांचा नातू बसतो आणि बटणं आता पाकिटात येतात. अमृततुल्य मात्र गल्लोगल्ली झालीत, सगळीकडे एकच पाटी, एकच कागदी कप. वहिनींनी एकदा असा चहा घेतला आणि म्हणाल्या, "चहाचा फोटो पाठवला असता तरी चाललं असतं." त्यांची मुलगी, माझी पुतणी, बाणेरला आयटीत आहे. ती आम्हाला व्हिडिओ पाठवते. "काकू, हे प्लेस एकदम ऑथेंटिक आहे, फक्त वीकेंडला वेटिंग असतं." एकदा तिच्याबरोबर अशा वेटिंगला पाऊण तास उभ्या होतो. आमचं नाव माइकवरून पुकारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं डॉक्टरांनी आत बोलावलं."

मी मात्र अजून जाते. बसनं स्वारगेट, तिथून मेट्रोनं मंडई. एकच स्टेशन. वहिनी पेठेतून रिक्षानं येतात. दोन्ही गुडघे बदललेत त्यांचे, पण चाल अजून ताठ. "एका स्टेशनासाठी एवढं पाताळात उतरतेस?" असं दर वेळी विचारतात. मग आम्ही ठरवतो कुठे जायचं. जुनी राहिलेली ठिकाणं दोन-तीनच. रसाचं गुऱ्हाळ आहे. मस्तानी आहे, पण वहिनींना साखर निघाल्यापासून ती वर्षातून एकदा, आणि तीही दोघींत एक.

गेल्या वेळी म्हटलं, तुम्हीच माझ्याकडे या. आमच्या गल्लीच्या टोकाला बार्शीकडच्या एका बाईंनी खानावळ काढलीय. चार टेबलं. पिठलं, भाकरी, ठेचा, दुसरं काही नाही. वहिनी आल्या. भाकरी हातानं थापलेली, कडेला जरा करपलेली. त्यांनी दीड भाकरी खाल्ली आणि ठेचा पुन्हा मागितला. दोन वाजून गेले होते, गर्दी ओसरली होती. बाईंनी गॅस बंद केला, घाम पुसला, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि कुठे बसावं म्हणून इकडेतिकडे बघितलं. बाकीच्या तिन्ही टेबलांवर खरकटी ताटं तशीच होती.

वहिनींनी आपली थाळी सरकवली, मी माझी. "या, बसा," वहिनी म्हणाल्या. बाई संकोचल्या, मग बसल्या. भाकरीचा तुकडा मोडत त्यांनी विचारलं, "मीठ ठीक हाय ना?"

"आहे की," वहिनी म्हणाल्या. "जेवा तुम्ही. सकाळपासून उभ्या असाल."